जाहिदा मुलाणी, खोली २७, ताप ९७.६

जबाब

दि. ०९/०२/२०२६, वेळ दुपारी १२.४०

नाव : अंकिता अभिमन्यू व्यवहारे. वय : २० वर्षे. धंदा : शिक्षण, बी.एस्सी. दुसरे वर्ष. सध्या राहणार : कॉलेजचे मुलींचे वसतिगृह, खोली क्र. २७, सोलापूर. मूळ राहणार : करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी न शिकवता, विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी :

वरील पत्त्यावर मी दीड वर्षापासून राहते. माझ्या खोलीत जाहिदा कासीम मुलाणी, वय २०, रा. नातेपुते, ता. माळशिरस ही राहते. ती सध्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर आहे. तिचे वडील कासीमचाचा यांच्या तक्रारीवरून मला बोलावले आहे. वसतिगृहाच्या रेक्टर शैलजा बिराजदार मॅडम यांनी, तापाच्या वहीतल्या खोट्या नोंदी मी परस्पर केल्या, असा जबाब दिल्याचे मला इथे आल्यावर समजले.

शहरात फ्लूची साथ, त्यात गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, म्हणून दि. ५ जानेवारी रोजी कॉलेजने परिपत्रक काढले. वसतिगृहातल्या चौऱ्याऐंशी मुलींचा ताप रोज सकाळी मोजून वहीत लिहायचा, शंभरच्या वर असेल तिला तळमजल्यावरच्या आजारी खोलीत हलवायचे आणि त्याच दिवशी घरी कळवायचे, असे त्यात होते. कॉलेजच्या आपत्ती समितीवर मुलींची प्रतिनिधी म्हणून मॅडमनी माझे नाव दिले. मला फार आनंद झाला होता, हेही लिहून घ्यावे.

मॅडमचे व माझे संबंध कसे होते असे विचारले म्हणून सांगते. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने मला जेवण जात नव्हते, तेव्हा मॅडम मला क्वार्टरवर नेऊन समोर बसवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घालत. पाहुण्यांना 'ही माझी मोठी लेक' असे सांगत. त्यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

पहिले चार दिवस मी खरोखर ताप मोजला. नंतर ताप मोजायच्या गनचे सेल गेले. मी मॅडमना तीनदा सांगितले, सेल आले नाहीत. दि. १८ रोजी रविवारी सकाळी ११ च्या सुमारास मॅडम आमच्या खोलीत आल्या. शुक्रवारी तपासणी कमिटी येणार, वही अर्धवट दिसायला नको, मागचे भरून टाक आणि महिनाअखेरपर्यंत पुढचेही भरून ठेव, असे त्यांनी सांगितले. सगळ्यांना एकच आकडा नको, थोडे खालीवर कर, हेही त्यांनीच सांगितले. 'तपासले' या रकान्यात मी नंतर सह्या करते, म्हणाल्या. मी भरायला बसले.

जाहिदा कॉटवर पाय हलवत बसली होती. "माजा जरा कमीच लिव्ह की. मी लई थंड डोक्याची हाय," असे ती म्हणाली. म्हणून तिच्या नावापुढे मी एकतीस तारखेपर्यंत ९७.६ लिहिले. आम्ही दोघी खूप हसलो.

दि. २१, बुधवारी सकाळी जाहिदाला थंडी वाजून ताप भरला. शेजारच्या खोलीतून काचेचा थर्मामीटर आणून पाहिले तर १०३ होता. सव्वाआठला मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, आजचा आकडा तू आधीच लिहिलायस ना? आता खोडलास तर सगळी वही खोटी पडेल. दोन दिवस कळ काढ. कमिटी गेली की मी स्वतः नेते तिला." मी आजारी खोलीची चावी मागितली. तिथल्या पाच कॉटवर नव्या पांढऱ्या चादरी घातल्या आहेत, शुक्रवारपर्यंत चुरगळायला नकोत, असे उत्तर मिळाले. घरी मी कळवते, असेही त्या म्हणाल्या. त्यांनी कळवले नाही. कासीमचाचांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मीही फोन केला नाही. त्याचा दोष मॅडमवर ढकलत नाही.

दि. २३, शुक्रवारी दुपारी २ वाजता कमिटी आली. मॅडमनी मला साडी नेसायला सांगितली होती. आजारी खोली उघडून दाखवली. कमिटीच्या साहेबांनी वहीचे पान उघडून, आकडे न वाचताच फोटो काढला आणि मला विचारले, "किती मुली आजारी पडल्या?" मी म्हणाले, "एकही नाही, सर." त्यांनी शाबासकी दिली. त्या वेळी जाहिदा दुसऱ्या मजल्यावर दार लावून झोपलेली होती. खोकला आला तर तोंडावर उशी धर, असे तिला सांगून मीच खाली आले होते.

कमिटी साडेतीनला गेली. मी वर गेले तेव्हा जाहिदाचे ओठ निळसर पडले होते आणि तिला बोलता येत नव्हते. मी आणि दोन मुलींनी तिला उचलून खाली आणले व रिक्षाने दवाखान्यात नेले. मॅडम नंतर आल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवे होते.

कासीमचाचा संध्याकाळी पोहोचले. मॅडमनी माझ्यासमोर त्यांना सांगितले की ताप आजच आला, कालपर्यंत पोरगी ठणठणीत होती, वही आहे. पुढे दहा दिवस मी चाचांना डबा नेऊन देत होते. ते मला बेटा म्हणायचे.

दि. २ फेब्रुवारीला डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. ताप नव्हता याचा पुरावा म्हणून कॉलेजच्या ऑफिसने त्यांना वहीच्या अख्ख्या पानाचा फोटो पाठवला होता. ते म्हणाले, "पोरी, सत्तावीस तारकंला माजी लेक हितं नळ्या लावून पडलीया. आन् हितं तिचा ताप सत्त्याण्णव पॉइंट सहा. ह्यो कुणी मोजला गं?" मी सगळे सांगितले. त्यांनी डब्याचे झाकण पुन्हा लावले आणि डबा माझ्या हातात दिला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

आज मला वही दाखवण्यात आली. अक्षर माझे आहे. पहिले चार दिवस सोडून सर्व आकडे खोटे आहेत. 'तपासले' हा रकाना पहिल्या दिवसापासून एकतीस तारखेपर्यंत कोरा आहे. मॅडमनी म्हटल्याप्रमाणे नंतर सह्या केल्या असतील असे मी समजत होते. त्यांनी एकही केली नाही. मला भरायला बसवताना त्यांना हे ठाऊक असले पाहिजे. त्यांनी माझा केसाने गळा कापला, आणि मी जाहिदाचा कापला, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही वाक्ये एकत्रच ठेवावीत.

हा जबाब हवालदार मॅडमनी मला वाचून दाखवला. त्यानंतर मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. मी सांगितले तेच त्यात आहे, पुढचे काही भरलेले नाही. खाली आजची तारीख घालून सही करत आहे. हवालदार मॅडमनीही आपली सही आत्ताच, माझ्यासमोर करावी, नंतर करते म्हणू नये, अशी विनंती आहे.