बाईंच्या मापाचा ओटा

ओट्याचं विचारलंत म्हणून सांगतो. नव्या रायपुरात मी कुलगुरूंचा बंगला बांधत होतो. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीला, बाईंना, उभं केलं, त्यांच्या कोपराखाली भिंतीवर लाल पेन्सिलीनं रेघ मारली. बाई ठेंगण्या होत्या.

इंजिनीअर म्हणाले, "भैया, घर सरकारी है. कल दूसरे साहब आएँगे."

बाई हसल्या. "रांधणार तर मीच ना, दादा?"

ओटा त्यांच्या मापाचा झाला. पण बंगला पुरा व्हायच्या आत बाई वारल्या. साहेब तिथं राहायला आलेच नाहीत.

पुढच्या कुलगुरूंनी मला बोलावलं. "इतना नीचा किसने बनाया?"

"माप माझंच चुकलं," मी म्हणालो.

"तो तोड़ दो."

दगड उचलला, तर मागं ती लाल रेघ तशीच होती. नवा ओटा मी तिच्या वर बांधला. रेघ पुसली नाही.