डाव्या डोळ्याचा साचा

नाथा : भाजला तर भाजला. आता वरडून काय उपयोग गो?

मनस्वी : पण बाबा, रबराच्या साच्याला तापलेली सुरी लावलीस?

नाथा : मोरीतली प्लास्टिकची बालदी अशीच जोडली ना मी? वाटलं, साच्याची चीरपण चिकटंल. सकाळपासून उभा हाय, डोकं चाललं नाय.

मनस्वी : बालदी वितळते. तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या नुसत्या शेजारी शेजारी पडलेल्या. रबरात त्या एकमेकींना बांधलेल्या असतात, कायमच्या. तापवलं की गाठी सुटत नाहीत, जळतात!

नाथा : ते दिसतंय. नेमकं डाव्या डोळ्यावर.

(साचा उलटा करून उजेडाकडे धरतो.)

नाथा : तुझ्या आयशीनं घडवलेलं बाप्पाचं तोंड हाय हे. मूळ मूर्ती पुरात विरघळली. आयस गेली, मूर्ती गेली, आता साचापण.

मनस्वी : ऐक तरी! जितेशकाकाने रोह्याहून, त्याच्या कंपनीतून, ही रबराची लादी आणलीय. हिच्यातही गाठी आहेत, पण गौरीच्या नाचातल्या हातांसारख्या. तापवलं की एकीचा हात सोडायचा, दुसरीचा धरायचा. फेर मोडत नाही, आकार मात्र नवा घेता येतो.

नाथा : नि आपल्या पत्र्याखाली, एप्रिलातल्या उन्हात? बाप्पाची सोंड पायापर्यंत यायची!

मनस्वी : मीही हेच विचारलं! गाठ कसल्या रेणूंची, त्यावर ठरतं म्हणे. ही दीडशे अंशांपर्यंत हलत नाही.

नाथा : मग त्या लादीनं हा साचा जोडायचा?

मनस्वी : नाही. जुना गेला तो गेलाच. पण त्यातून एक शेवटची मूर्ती काढू. डोळा बिघडलेला येईल, तेवढा हाताने करायचा. मग काका तिच्यावर ही लादी भट्टीत दाबून नवा साचा करून देईल.

नाथा : हाताने म्हंजे कोणाच्या? मी अंग घडवतो. डोळे सगळे तुझ्या आयशीचे, सगुणाचे. मी आजवर एक डोळा केलेला नाय.

मनस्वी : मग मी करते. उजवा शाबूत आहे, बघून करीन.

नाथा : चुकलीस तर? साच्यातली चूक हर मूर्तीत उतरते, पोरी.

मनस्वी : तर डोळा पुन्हा करायचा, नि हेच रबर तापवून पुन्हा दाबायचं. टाकायचं नाही.

नाथा : किती वेळा?

मनस्वी : काका म्हणतो, दहा खेपा तरी.

नाथा : हं. तिलापण एका डोळ्याला चार-पाच खेपा लागायच्या.

मनस्वी : खरंच?

नाथा : वरच्या फळीवर डबा हाय. तिची कोरणी त्यात हाय. घे.