हलायचं नाही

दोन हजार चोवीस साल, सोयाबीन सोंगणीचे दिवस — तवा माझी सुखीबाई तुझ्या आपरेशनच्या टेबलावर होती. अन् हा पंचविसाचा वैशाख, कपिल डॉक्टर, तू माझ्या खाटेवर, उघडा, उन्हात — हलायचं नाही. माशी बसली? बसू दे. बोलायचंही नाही. मी म्हणतो तवर असंच पडायचं, मंग तुझ्या कागदावर तिचा अंगठा — कबूल करूनच झोपलास ना? तवा मी तुले ‘तुमी’ म्हणत होतो. आता तू.

सुखे, ऐक, अंगठा कायले पायजे याले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं मासिक असते म्हणे. यायच्यातलेच मोठे डॉक्टर आधी वाचतात, चुका काढतात, मंगच छापतात. यानं तुझी गोष्ट धाडली. त्यायले पटली — फक्त बाईची परवानगी आण म्हणले. काय लिहिलं? का पोट फाडताना बाई जागी होती. अंग लुळं करायचं औषध लागू पडलं, झोपेचं नाही पडलं. पापणी हलवता येईना, सारं ऐकू ये, सारं दुखे. आता हा असं लिहिते. तवा काय म्हणला? आजी, सपन पडलं असंल.

पाह्य त्याच्याकडं. सुरी चालू असताना तुले ‘पोतं’ म्हणला ना हा? याचं पोट पाह्य, गाभण बकरीवाणी. तांड्यातली लेकरं हासून राह्यली, डॉक्टर — ऐकू येते? तिलेही येत होतं. डोळे मिटू नको.

अन् पोतं म्हणला ते जाऊ दे. ‘म्हाताऱ्याचा बैल आजारी असता तर त्यानं दोन दिवस काढले नसते’ — हे बोलला का नाही? हिनं साऱ्या तांड्यात सांगितलं ते. आता मले, लखीरामले, कालचे पोट्टे ‘बैलवाले बुवा’ म्हणतात. म्हणे दोन दिवस! शेंगा तडकून राह्यल्या होत्या, मजूर भेटत नव्हता — थांबलो. अन् बैलाचं येगळं हाय. बैल मुका असते, त्याले सांगता येत नाही. ही तर पोट दुखते म्हणून तोंडानं सांगून राह्यली होती, रातदिवस सांगून —

सुखे, कुठं चालली? त्याचा शर्ट कायले देतेस? बस. अजून झालं नाही. झालं का नाही ते मी सांगीन — त्याच्या पिशवीतली शाई कायले काढली? माझ्याकडं काय पाह्यतेस? कागदाकडं पाह्य.

उमटला?

घे, डॉक्टर. फिटलं. जा.