रात्रीची गोळी

थोरल्या नातीला जुळी झाली, त्या वर्षी मी हृदयाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर आमच्या गल्लीतला शिंपी आणि त्याची बायको बसली होती.

“अहो, काय म्हणाले डॉक्टर?”

“हृदयाच्या नळीतला थर वाढलाय. वर्षात दुप्पट.”

“असं कसं? तेल तोडलं, रोज चालता.”

“किडनी जराशी जरी मंद असली, तरी नळ्या लवकर भरतात म्हणे. म्हणून तर रात्रीची गोळी दिली होती. ती घेऊनही वाढला, याचंच त्यांना नवल वाटतंय. पुन्हा आत बोलावतील.”

“ती गोळी मी तुमच्या औषधांच्या डबीत घालतच नव्हते.”

“काय?”

“किडनी नाजूक आहे म्हणाले ना मागच्या तपासणीला. म्हटलं, तिच्यावर एका गोळीचा तरी भार कमी.”

“वर्षभर? आणि मी डोळे मिटून गिळत होतो, तू देशील ते!”

“ओरडा ना माझ्यावर.”

“ओरडून काय होणार आता? ऐक. आत मी सांगतो, मीच विसरलो म्हणून. तू तोंड उघडू नकोस.”

“एक काज तिरकं गेलं तर जेवत नाही तुम्ही. तुम्ही विसरलात हे कोण मानेल? मीच सांगणार.”

“बरं, सांग. पण रडू नकोस. कुठली गोळी ते त्यांना नीट कळलं पाहिजे.”

दोघं आत गेली. गोळी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी, थंडी सरता सरता, शिंपी पहाटे झोपेत वारला.