माशा खाणाऱ्या झाडाला मावा

नाही, हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या सोसायटीत सगळ्यांचं हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात... पण माशा खाणाऱ्या झाडाला मावा लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं होतं का? व्हीनस फ्लायट्रॅप म्हणतात त्याला, पानाच्या टोकाला जबडा, जबड्याला दात, माशी आत बसली की खटकन बंद. म्हणजे ज्याचा धंदाच किडे खाण्याचा, त्याच्याच कोवळ्या पानांवर बारीक हिरवे किडे पंगत मांडून बसलेत, आरामात रस पितायत, आणि हे आपलं तोंड उघडं टाकून बघतंय... तुम्हाला सांगतो, लाज वाटते हो.

आणि झाड माझं असतं तर गोष्ट वेगळी. झाड नंदाचं, म्हणजे आमच्या अलकनंदाचं, माझ्या मुलीचं. कॉलेजात असल्यापासून वाढवलेलं. गेल्या वर्षी तिने रिसर्चला ॲडमिशन घेतली आणि दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मुनिरकाला खोली घेऊन राहायला गेली. मी म्हटलं, अगं, मयूर विहारला आपलं घर आहे, दाराशी मेट्रो आहे, रोज जा-ये कर. ती म्हणाली, "बाबा, रोजचे तीन तास गाडीत जातात." मी म्हटलं, मी आयुष्यभर मंत्रालयात जा-ये केलीच ना? त्यावरून जे वाजलं ते वाजलं. ती गेली. मी तिची खोली बघायलासुद्धा गेलो नाही. खोलीला ऊन नाही, म्हणून जाताना झाड मात्र माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, फक्त आरओचं पाणी, ऊन, आणि उगाच हात लावायचा नाही. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! अहो, सेक्शन ऑफिसरला असं सांगतात का?

झालं काय, आमच्या खालच्या मजल्यावर त्यागीजी राहतात. ते एकदा चहाला आले, मी पेन्सिलीचं टोक जबड्यात घालून दाखवलं, जबडा बंद झाला, त्यागीजी म्हणाले, "अरे वाह, विश्वासजी, ये तो कमाल है." बस. एवढंच पुरलं मला. मग त्यागीजींचे मेहुणे आले, मग कीर्तनवाल्या बायका, मग माझे ऑफिसवाले, आणि मी प्रत्येकाला, हां हां, इधर आइए, ज़रा देखिए, आणि घातली पेन्सिल. आता मला काय ठाऊक, की तो जबडा काही मोजक्याच वेळा मिटतो, आणि रिकामा मिटला की झाडाची ताकद फुकट जाते? एकेक जबडा काळा पडायला लागला. माझी बायको अरुणा म्हणाली, "अहो, ते दमलंय." मी म्हटलं, झाड कधी दमतं का?

मग त्या दमलेल्या झाडावर मावा आला. नवी पानं वाकडी, चिकट. मी काय केलं? भांड्यांचा साबण पाण्यात कालवून फवारला. मग वाटलं, अशक्तपणा आलाय, म्हणून गुलाबाचं खत टाकलं, थोडंसंच, मूठभर. मग आरओ बंद पडला तेव्हा नळाचं पाणी दिलं, दिल्लीचं नळाचं पाणी, ज्यातल्या क्षारांनी आमच्या गीझरचा दगड झाला. झाडाने मान टाकली. मावा मात्र ठणठणीत. तुम्हाला सांगतो, लाज वाटते.

लिफ्टमध्ये त्यागीजी भेटले. "कैसा है हमारा शिकारी?" मी म्हटलं, क्या बताऊं, पौधे को मावा लग गया है. आता मराठीत मावा म्हणजे कीड, पण दिल्लीत मावा म्हणजे खवा, हे त्या वेळी डोक्यात आलं तर ना. त्यागीजी अगदी गंभीर झाले. "मावा? विश्वासजी, उसको मीठा क्यों खिलाया? बेचारा मक्खी खानेवाला आदमी है." संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकला खबर, की मराठी साहेबांनी झाडाला बर्फी खाऊ घालून मारलं.

आणि त्यात नंदाचा फोन, "झाड कसं आहे, बाबा?" मी म्हटलं, फर्स्ट क्लास. फोटो मागितला, तर जुना पाठवला. बाप म्हणून शोभतं का हे?

दुसऱ्या दिवशी राहवेना. ऑफिसच्या कँटीनमधून मीच फोन लावला. म्हटलं, नंदा, आमच्याकडे एक दत्तात्रय म्हणून आहेत, त्यांच्याकडेही तुझ्यासारखंच झाड आहे, त्याला मावा लागलाय, काय करावं विचारत होते.

"अच्छा," ती म्हणाली. "कुंडीसकट आरओच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगा, दोन दिवस. झाड पूर्ण पाण्याखाली. मावा गुदमरतो, झाडाला काही होत नाही. साबण नाही ना लावला त्यांनी?"

"लावला," मी म्हटलं.

"खत?"

"थोडंसं. मूठभर."

"बाबा, त्याला खत म्हणजे विष. माती खूप पाण्याने धुवून काढायला सांगा." मग हळूच म्हणाली, "आणि ते दत्तात्रयकाका लोकांना जबडे मिटवून दाखवतात का?"

कँटीनमध्ये समोरचा माणूस राजमा खात होता, त्याच्याकडे बघत बसलो.

"त्यांना सांगा," नंदा म्हणाली, "लाजू नका. मी रविवारी येते बघायला."

रागावली असती तर बरं झालं असतं हो. मी घरी आलो, धुण्याची बादली घासली, आरओ दुरुस्त केला, झाड बुडवलं. दोन दिवस बादलीशेजारी स्टूल टाकून बसलो. मावा एकेक करून वर तरंगला. अरुणा म्हणाली, "नंदाला गोवर आला होता तेव्हा तुम्ही टूरवर होतात." एवढंच म्हणाली, आणि चहा ठेवून गेली.

रविवारी नंदा आली. बाल्कनीत बसून काळी पानं कात्रीने कापली, खताची माती टाकून दिली, नवीन मातीत लावलं. शेवटी पेरभर झाड उरलं. "जगेल का?" मी विचारलं. "बघू," ती म्हणाली. "मी घेऊन जाते. घरमालकाने गच्ची वापरायला दिलीये आता." मी म्हटलं, मी येतो सोडायला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मेट्रोच्या गेटवर गार्डने अडवलं. "ये क्या है?" नंदा म्हणाली, "बीमार है, मशीन में मत डालिए." त्याने वाकून बघितलं. "काटता है क्या?" मी म्हटलं, नहीं भैया, बहुत सीधा है. मग कुंडी मांडीवर घेऊन बसलो. गाडी बदलायची कुठे, तर बोटॅनिकल गार्डन स्टेशनला. आता स्टेशनांनीही टोमणे मारायचे ठरवलं तर माणसाने जायचं कुठे?

मुनिरकाची ती गल्ली, वर तारांचं जाळं, चार जिने, आणि तिची खोली... खाट, टेबल, पुस्तकं, भिंतीवर माझा आणि अरुणाचा फोटो. वर्षभर मी ती खोली बघितली नव्हती. नंदाने चहा केला. चांगला केला. गच्चीवर उन्हाच्या कोपऱ्यात झाड ठेवलं, आणि म्हणाली, "बाबा, बघायला येत जा. फक्त हात मागे बांधून."

आता नवं पान आलंय. जबडा तांदळाएवढा. दर रविवारी जातो, दीड तास जायला, दीड तास यायला. त्यागीजी विचारतात, "बेटी से मिलने?" मी म्हणतो, हां जी. मग गच्चीवर जातो आणि हात मागे बांधून उभा राहतो, आणि नंदा खालून ओरडते, "बाबा, हात?"

बांधलेत गं, बांधलेत.