मामाची परदेशी मुलाखत

परदेशातला कायदा लई बेकार चीज हाय, आमच्या मामाला विचारा. लातूरची डाळमिल कमी पडली म्हणून त्यानं जर्मनीत डाळीचं दुकान काढलं. नोकर ठेवायचा होता, म्हणून व्हिडिओवर मुलाखत लावली. तिथली वकीलबाई मूळची पुण्याची, तीच दुभाषी. मिलचा मॅनेजर म्हणून मी मामाशेजारी रुबाबात बसलो.

मामानं सुरुवात केली, "गाव कोणतं? बाप काय करतो?"

बाई म्हणाल्या, "घरचं काही विचारू नका."

"बरं, लग्न झालंय का?"

"तेही विचारता येत नाही."

"मग देवधर्म तरी?"

"अहो, दुकान उघडायच्या आधीच कोर्टात उभे राहाल."

मामा तापला. "आमच्या औसा गावात कोणाचा कोण हे कळल्याबिगर झाडायलाबी माणूस ठेवत न्हाईत. मग इचारू तरी काय?"

"काम येतं का, एवढंच विचारा."

मामा सावकाश माझ्याकडं वळला आणि मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणला, "भाच्या, हे तर तुलाबी इचारायचं राहिलं की."