सोन्याची दाढ

...नाई नाई, हासू नका. पानी मी असंच पेतो, मान वाकडी करून, कोंबडीवानी. उजवीकडची दाढ उघडी हाय ना माही, तिले थेंब लागला का ठनका थेट टाळूत जाते! आन दाढेची टोपी कुठी हाय? कामरगावले! सासऱ्याच्या तोंडात! "जन्मभर टिकेल" म्हने...

तुमाले सांगतो, दाढ फुटली फुटान्यातल्या खड्यानं. आमच्या शेलूबाजारात इलाज दोनच, लवंग दाबा नाईतर उपटून फेका. मी पडलो कडक भाकर खानारा मानूस, उपटू कायले? दमनी जुपली आन गेलो वाशीमले, तिथी एक दाताचा डॉक्टर बसे, पुन्याकडून शिकून आलेला. थो म्हनते कसा, "सोन्याची टोपी बसवू, मुळीच दुखणार नाही हं." आन शिंप्याच्या मशीनीवानी पायानं यंत्र चालवून दाढ अशी घासली, अशी घासली का मी खुर्चीसकट दाराजोळ! मंग म्हने, "चिकट काही खायचं नाही." बरं बाबा, टिकन किती दिवस? "जन्मभर टिकेल."

आता सोनं कोनाचं? तर माह्या घरच्या तुळसाबाईचं. तिच्या बापानं, म्हंजे नानाजीनं, लग्नात देल्लेले मनी. देत होती का ती? मी तिच्यासमोर रोज पातळ वरन पेऊन पेऊन तोंड एवढंसं केलं, तवा कुठी देल्ले. पन टोपी काय बसली म्हनता! मी बाजारात वळख नसलेल्या मानसायलेबी हासून रामराम करो.

आन एक दिवस कामरगावाहून निरोप आला, नानाजीचं काई खरं नाई. गेलो धावत. नानाजीले खाली घेतलेलं, तोंड उघडं, किती दिवसाचा अन्नाचा कन पोटात नाई. तुळशीचं पान हाय, गंगा हाय, तोंडात ठेवाले सोनं नाई! आन सोन्याबिगर जीव अडकते म्हनतात. बायकाइच्या गळ्यात मंगळसूत्रं, त्याले कोन हात लावन? घरात दुसरं सोनं नाई. माहा साळा चंपत, थो हळूच माह्या तोंडाकडं पाहे. मंग सारेच पाहाले लागले. मी तोंड मिटलं.

तुळसा म्हने, "माह्याच बापाचं सोनं हाय थे. काढा." म्या म्हनलं, अवं, डॉक्टरनं मसाल्यानं चिपकवलं हाय, जन्मभर टिकनार हाय थे! चंपत चुलीजोळून सांडशी घेऊन आला. तर तुळसा त्याले म्हने, "सांडशी कायले? चिकट खाऊ नका म्हनला ना डॉक्टर?" आन मांडला गुळाचा पाक! बाप मरून राह्यला, पोरगी रडूनबी राह्यली आन पाकबी घोटून राह्यली. गोळा केला, माह्या तोंडात देल्ला. "चावा."

चावलं. टोपी गोळ्यासंगं बाहेर! जन्मभर म्हने...

चंपतनं घाईघाईत गोळा पुसला का धुतला, काई नाई, तुळशीच्या पानासंगं सारा नानाजीच्या तोंडात. साऱ्याइनं हात जोडले. आन नानाजीची दाभाड हालली. जीभ फिरली. मचमच मचमच... बुढ्यानं एक डोया उघडला आन म्हने, "गूळ आजून हाय का?"

सांगा आता! संध्याकाळी उठून बसला. आता वावरात जाते. बोळक्या तोंडात एकच दाढ होती त्याच्या, तिच्यावर टोपी अशी फिट बसली का हरभरे फोडते! आन मी? मी भाकर चुरून, दुधात भिजवून... टोपी मांगतली, तर म्हनते, "जीव तिच्यातच हाय माहा, काढली का मी गेलो." तुळसानं असं पाह्यलं माह्याकडं का डाव्या अंगाची दाढबी ठनकाले लागली. वाशीमचा डॉक्टर म्हनते, "टोपी आणा, लगेच बसवून देतो." कुठून आनू?

तवापासून हर बाजाराच्या दिवशी कामरगावले जातो, नानाजीची तब्येत इचारतो. गाव म्हनते, जावई असावा तर असा. आन नानाजी तोंडभर हासते, थे सोनं चमकते, "लय बरं हाय जावईबापू, पैलेपेक्षाबी बरं हाय!"

डॉक्टर खोटं नाई बोलला हो. टोपी टिकूनच राह्यली हाय. कोनाच्या जन्मभर, एवढंच इचाराचं माह्यं राहून गेलं.